नख गुलाबी होईपर्यंत

ईरा आणि निशांत,

मागे व्हिडिओ कॉलवर मी डाव्या हाताने, चमच्याने वरणभात खात होते आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. हसण्यासारखंच होतं ते. निम्मा भात पदरावर सांडत होता. मग निशांतने विचारलं, "आजी, हात प्लास्टरमध्ये आहे, तर भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "मला कसली भीती? जन्मभर हातांचंच काम केलंय मी."

ते खोटं होतं. न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडलं, त्या दिवसापासून प्लास्टर निघेपर्यंत मी सतत प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांची नखं दाबून बघत होते. दाबलं की नख पांढरं होतं, सोडलं की लगेच गुलाबी होतं. गुलाबी झालं की मी श्वास सोडायची आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबायची. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, डॉक्टरांनी नीट घातलंय प्लास्टर." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि पुन्हा दाबलं.

ही सवय मला एका मुलीमुळे लागली. तिची गोष्ट मी तुमच्या आईलासुद्धा पुरती सांगितलेली नाही. आता प्लास्टर निघालं आहे, आणि माझीच एक जुनी विद्यार्थिनी मला दटावते आहे की रोज एक पान हाताने लिहा, मनगट मोकळं होईल. त्यातच इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हणून मागे लागले आहेत. तेव्हा व्यायाम, लेख आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, तिन्ही कामं एकाच पत्रात उरकते. पसारा मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी एक दुरुस्ती. आजी डॉक्टर होती असं तुम्ही शाळेत सांगता म्हणे. मी डॉक्टर नव्हते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. मराठीत त्याला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात, पण हा शब्द मी सोलापुरात एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. लोकांनी आपल्या सोयीने माझं नाव 'हाताच्या बाई' असं ठेवलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे सुरुवातीला हे नाव जरा खटकायचं. पुढे त्याच्याइतकं अचूक नाव मला स्वतःलाही सुचलं नाही.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लगेच मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. ती इजा वाढत नाही आणि बरीही होत नाही. काही मुलांचा एकाच बाजूचा हात आणि पाय त्यात सापडतो. हात दिसायला धडधाकट असतो, पण मनगट आत वळलेलं, मूठ आवळलेली आणि अंगठा मुठीच्या आत. आई-बाप हाताला तेल चोळत बसतात. दोष हाताचा नसतो, हाताला निरोप पाठवणाऱ्या मेंदूचा असतो. मूल हुशार असतं. ज्या हाताने काम होतं त्यानेच ते सगळं करतं. दुसरा हात रिकामा बसून राहतो आणि बसल्या बसल्या आणखी आखडत जातो.

आमचं काम त्या हाताला कामाला लावायचं. औषधाने ते होत नाही. स्नायू सैल करणारी इंजेक्शनं असतात, मनगट सरळ ठेवणारे पट्टे असतात, पण ती नुसती मदत. खरा उपचार म्हणजे मुलाला स्वतःला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे आणि ते त्याने पुन्हा पुन्हा केलं पाहिजे. म्हणजे खेळ. हे लोकांना पटायचं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले एक आजोबा, पूर्वी मागावर काम केलेले, नातवाला घेऊन यायचे. ते एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, एवढ्या लांबनं रिक्षा करून येतो आमी. तुमी नुसतं सुताच्या बॉबिन दोरीत ओवायला लावता. हे तर आमच्या घरात बी हाय. शॉक द्या की जरा!" मी म्हटलं, "मग घरी का नाही ओवत?" ते म्हणाले, "ते बी खरंच."

माझं सगळ्यात आवडतं उपकरण कडक भाकरी. तुम्ही इथे आलात की दातांनी तोडता ती. ती दोन हातांशिवाय नीट मोडत नाही. एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने मोडायची. आणि मोडताना जो कड्‌ आवाज होतो, त्यासाठी मूल वाटेल ते करायला तयार होतं. परदेशातून आलेली रंगीत खेळणी माझ्या कपाटात नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेली होती. भाकरीच्या डब्याला चिठ्ठी लागायची नाही, तो रोजच रिकामा व्हायचा.

आमच्या केंद्रात एक नियम होता. 'चांगला हात' आणि 'वाईट हात' असं म्हणायचं नाही. एक 'कामाचा हात' आणि दुसरा 'मदतनीस हात'. पालक विसरायचे, मुलं कधी विसरायची नाहीत.

आता मुख्य उपचाराकडे येते, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. मुलाचा कामाचा हात थोडा वेळ अडवून ठेवायचा, म्हणजे मदतनीस हाताला काम करावंच लागतं. जगभर हे करतात. कुणी हलकं प्लास्टर घालतं, कुणी झोळी बांधतं. मी जाड कापडाचा एक मोजा शिवून घेतला होता, बोटांना वेगळे कप्पे नसलेला, पिशवीसारखा, मनगटाशी बंदांनी बांधायचा. खेळाच्या वेळेपुरता घालायचा, आई शेजारी बसलेली हवी, खेळ संपला की काढायचा.

हे करताना मला कायम धास्ती वाटायची. कारण शिकत असताना मी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ पाहिला होता. त्याचा हात मोडला तेव्हा कुणीतरी गच्च बांधला होता. बंध इतका घट्ट, की आतल्या स्नायूंना रक्तच मिळालं नाही आणि ते मेले. हाड जुळलं, पण हाताचा पंजा कायमचा आकड्यासारखा झाला. मनगट आत, बोटं वळलेली. आमच्या मुलांच्या हातासारखाच तो दिसायचा. फरक इतकाच, की त्याचा मेंदू उत्तम होता. तो मेंदू दिवसभर निरोप पाठवत होता आणि ते घ्यायला पलीकडे कुणी उरलं नव्हतं. त्याने हसत हसत मला म्हटलं होतं, "ह्येला आता काठी तेवढी आडकवता येती." ते हसू मी विसरू शकले नाही.

तर लीलाबद्दल. पूर्ण नाव शिवलीला. दुधनीजवळच्या मळ्यात राहणारं कुटुंब, लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर मराठी. वडील मल्लिनाथ एका शेटजींचा भुसाराचा व्यापार बघायचे, आई सुनंदा, आणि घरात शब्द चालायचा तो वडिलांच्या आईचा. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. लीला पहिलीत होती. उजवा हात तल्लख, डावा मुठीत अंगठा घालून छातीशी चिकटलेला.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे विचारलं, "हिला काय यावं असं वाटतं तुम्हाला?" सुनंदा म्हणाली, "स्वतःची वेणी घालता यावी." अव्वांनी तिला हातानेच थांबवलं.

"येणीचं काय, ती मी घालीन. मॅडम, हिला डाव्या तळव्यावर लिंग धरता आलं पायजे."

मला कळलं नाही हे पाहून त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची चांदीची डबी उघडली. आतून काळंभोर, गुळगुळीत, बोराएवढं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताने त्याला भस्म लावून दाखवलं. रोजची पूजा अशीच करायची. डावा तळवा म्हणजे देव्हारा, उजवा हात पुजारी. लीलाला असं लिंग द्यायचा विधी, तिची दीक्षा, बसवजयंतीला ठरली होती.

मी थेरपिस्टच्या नजरेने बघत होते. तळहात आकाशाकडे करणं, बोटं उलगडणं आणि ते तसंच स्थिर ठेवणं, या तिन्ही गोष्टी आमच्या मुलांना सर्वांत अवघड. अव्वांनी नेमक्या त्याच मागितल्या होत्या.

"आणि पडलं तर?" मी विचारलं.

"यव्वा!" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "तसं बोलू नका. लिंग हातातनं पडलं तर माणसानं जगावं कशाला, असं आमच्यात म्हनत्यात. म्हनून तर तुमच्याकडं आनलंय."

त्यांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, भीती होती. पोरीच्या हातून असं काही घडेल आणि ते जन्मभर तिच्या नावाला चिकटेल, ही ती भीती.

आम्ही काम सुरू केलं. लिंगाच्या जागी आधी लिंबू, मग बोर, मग काचेची गोटी. उजव्या हाताला मोजा. लीला हसरी आणि बडबडी होती, पण मोजा तिला मुळीच खपायचा नाही. "मॅडम, ह्याला आत उकडतंय," असं म्हणायची आणि माझी पाठ वळली की दातांनी ओढून काढायची. मी सुनंदाला बजावून सांगितलं होतं, काढला तर काढू द्या, भांडू नका, थोड्या वेळाने पुन्हा घाला. डावा तळवा हळूहळू उलगडत होता. पण बसवजयंती जवळ येत होती, आणि अव्वा दर खेपेला मोज्याकडे बघून मान हलवायच्या. "ह्यो कसला बंदोबस्त? पोरगी दातानं काढती!"

एप्रिलमधली दुपार होती. उन्हामुळे केंद्रात कुणी नव्हतं आणि मी खेळण्यांचे डबे पुसत होते. सुनंदाचा फोन आला.

"मॅडम, लई चांगलं झालंय बघा. लीला उजवा हात आजिबात हलवत न्हाय आता."

"मोजा ठेवते?"

"मोजा कुटला! आव्वांनी काल शिवेपलीकडच्या हाडवैद्याकडनं पक्का बांधून आणलाय. हात मोडल्यावर बांधत्यात तसा. तो अंड्यात कापड भिजवतो, पर आमच्यात अंडं चालत न्हाय की. म्हनून उडदाच्या पिठाच्या खळीत भिजवलं, वरनं बांबूच्या कामट्या. दगडागत झालाय. रातभर रडली, झोपू दिलं न्हाय कुनाला. सकाळपासनं गप झाली. आता दुखत न्हाय म्हनती."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. तुम्हाला वाटेल, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं. घट्ट बांधलेला हात दुखतो तोवर जिवंत असतो. तो दुखायचा थांबला, की घाबरायचं.

"सुनंदा, बोटं कशी दिसतात?"

"सुजल्यात जरा. जांभळी हायत. लेपाचा रंग असंल की."

"एक नख दाब. जोरात. आता सोड. रंग बदलला?"

बारीक आवाजात ती म्हणाली, "न्हाय, मॅडम. तसंच हाय."

"तिला सांग, बोटं हलव."

"हलवत न्हाय. लीले, हलीव की गं! ... मॅडम, ती म्हनती, बोटं कुटं हायत तेच कळंना."

उडदाची खळ सुकताना आवळत जाते. रात्रभर ती आवळत गेली होती. मला तो मेंढपाळ दिसला. मग लीला दिसली, दोन्ही हात छातीशी वळलेले. एक मेंदूमुळे आणि एक आमच्या उपचारापायी.

"ते आत्ताच्या आत्ता काप," मी म्हटलं.

"आव्वा रागावतील. ह्ये घरात न्हाईत, शेटजींकडं गेल्यात. मी कसं..."

"अव्वांना फोन दे."

अव्वा फोनवर आल्या त्याच चिडून. "तुमीच तर बांदा म्हनला की, मॅडम! तुमचा मोजा पोरगी काढती. आमी पक्का बांदला तर तुमी काप म्हनताय. चार दिसांवर दीक्षा आलीय."

मी वाद घातला नाही. "अव्वा, तिची बोटं मरायला लागलीत. डाव्या तळव्यावर लिंग ठेवून पूजा कुठल्या हाताने करायची तिने?"

मग अव्वांचा आवाज आला, फोनपासून दूर, घाईघाईचा, "सुनंदा, माझा अडकित्ता आन. पानाच्या चंचीत हाय. आनि कोमट पानी."

पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं. फोन स्पीकरवर ठेवलेला. मी सांगत होते, आधी वरची सुतळी, मग कामट्या ओढून काढा, मग कडेने पाणी सोडा. कात्री त्या कापडात शिरेना. अडकित्ता मात्र सुपारीवर चालतो तसा चालला, थोडा थोडा चावत. कट्‌... कट्‌... प्रत्येक आवाजानंतर मी विचारायची, "कातडीला लागलं नाही ना?" आणि अव्वा म्हणायच्या, "न्हाय. बोलू नका, हात हलतो माझा." मध्येच सुनंदा हुंदके देऊ लागली, तेव्हा अव्वांनी तिला झापलं, "रडायचं मागनं. पानी सोड!" लीलाचा आवाज मात्र कुठेच नव्हता. मला तिचं रडणं ऐकायचं होतं. मी देवाकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. त्या दुपारी एवढंच मागितलं.

आणि मग ती किंचाळली. बंध शेवटपर्यंत सुटला आणि हातात रक्त धावलं, त्याच्या कळा होत्या त्या.

पण संकट टळलं नव्हतं. इतका वेळ आवळलेला हात सोडल्यावर आतून सुजतो आणि स्वतःच स्वतःला आवळत राहतो. मी ओळखीच्या हाडांच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना वाटेत गाठा, बोटं बघा आणि मला कळवा. त्यावरून मी ऑपरेशनची तयारी ठेवतो." अव्वांच्या भाच्याची पिकअप मिळाली, ती मंडळी तिकडून निघाली. इकडून मी शेजारच्या जब्बारभाईंच्या गाडीतून. जब्बारभाई आरशातून बघून म्हणाले, "फिकर नक्को करो मॅडम, पोंचते अपन."

वळसंगच्या फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर आम्ही भेटलो. डांबरावरून ऊन उसळत होतं. पिकअपच्या केबिनमध्ये सुनंदाच्या मांडीवर लीला होती आणि शेजारी बसलेल्या अव्वांनी तिचा उजवा हात, मी सांगितल्याप्रमाणे, ओंजळीत छातीच्या उंचीवर धरला होता. मी एकेक नख दाबलं. अंगठा: पांढरा, आणि मग हळू, फार हळू गुलाबी. तर्जनी तशीच. मधलं बोट तसंच. अनामिका आणि करंगळी दाबल्यावर काहीच झालं नाही.

लीला माझ्याकडे बघत होती. रडून तिचा आवाज बसला होता. तिने विचारलं, "मॅडम, आता माझे दोनी हात मदतनीस झाले काय? मग काम कोन करनार?"

माझ्याच केंद्राचे शब्द ते, मीच तिला शिकवलेले. जब्बारभाईंनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, "बैठो बेटी, एसी लगाया है."

त्या संध्याकाळी सर्जननी तिच्या हाताला कोपराखालून मनगटापर्यंत चीर दिली, म्हणजे आत कोंडलेल्या स्नायूंना जागा मिळेल. बाहेरच्या बाकावर अव्वा आणि मी शेजारी बसलो होतो. मल्लिनाथ आले होते, ते जिन्यात उभे होते. अव्वांच्या हातात अजून तो अडकित्ता होता, पात्याला पिठाची खळ वाळून चिकटलेली.

"मॅडम, माजं चुकलं म्हना," त्या म्हणाल्या. "तोंडानं म्हना. मनात ठिवू नका."

"आधी हात बघू या, अव्वा."

"हात गेला तर?"

खोटा धीर देण्याचं शिक्षण मला मिळालं नव्हतं, आणि खरं बोलायचं धाडस नव्हतं.

हात गेला नाही. पण कितपत परत येईल हे कळायला फार काळ लागला. जखमेला नंतर मांडीची कातडी लावावी लागली. उजवा हात बँडेजमध्ये आणि पट्ट्यात निपचित पडून होता. मी जवळजवळ रोज जायची. अनामिका हळूहळू परत आली, आधी मुंग्या, मग जळजळ, मग लीलाचं "मॅडम, हितं चावतंय." करंगळी आली नाही.

आता जे लिहिते ते मी कुठल्याही परिषदेत बोलले नाही. त्या काळात लीलाचा डावा हात पूर्वी कधीच शिकला नव्हता इतकं शिकला. पर्यायच नव्हता त्याला. पाण्याचा पेला, पोळीचा घास, कपाळावरचा केस, अंगावर बसलेली माशी. एका सकाळी मी गेले तर ती डाव्या तळव्यावर शेंगदाणे घेऊन उंदरासारखी तोंडाने वेचत होती. तळवा आकाशाकडे होता, सरळ. सुनंदा टाळ्या वाजवत होती. मला त्या तळव्याकडे बघवेना. पुस्तकाच्या हिशेबाने तो उपचाराचा विजय होता. मला फक्त तो कशाच्या बदल्यात मिळाला ते दिसत होतं.

दीक्षा पुढे ढकलली आणि मग झाली. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मळ्यातल्या घरात पाटावर लीला बसली, कपाळाला भस्म, नवा परकर. स्वामींनी तिच्या डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं. तिच्या तळव्याखाली अव्वांनी आपले दोन्ही तळवे ओंजळीसारखे धरले, न टेकवता. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आमच्या मुलांचा हात घाबरला किंवा आनंदला की जास्त आखडतो. मी बघत होते, मनगट हळूहळू आत वळू लागलं. लिंग तळव्याच्या कडेकडे सरकलं. घरातले सगळे जागच्या जागी थिजले. मंत्र म्हणता म्हणता स्वामींचाही आवाज खाली आला. मी ओरडणार होते.

लीलाचा उजवा हात वर आला. त्या हाताला अजून कोवळे, लालबुंद व्रण होते, पकड जेमतेम. त्याने लिंगाला बाजूने आडोसा केला, तळव्याच्या मध्यावर आणलं आणि तिथेच राहिला. लीलाने माझ्याकडे बघितलं आणि कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "आज ह्यो मदतनीस." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अव्वा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ओंजळ शेवटपर्यंत काढली नाही.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. मोज्याचे बंद काढून टाकले. कुठल्याही मुलाला झटकून टाकता येईल असाच मोजा शिवायचा. आणि मोजा हातात देण्याआधी प्रत्येक आईला, आजीला, आजोबांना नखाचा धडा द्यायचा. आधी स्वतःचं नख दाबा, मग मुलाचं. पांढरं, मग गुलाबी. तो जमला नाही तर मोजा मिळणार नाही. काही पालक कंटाळायचे. ते मागवाले आजोबा म्हणाले, "मॅडम, नखं बघायची तर ज्योतिषाकडं गेलो असतो की!" मी म्हटलं, "दाबा." त्यांनी दाबलं.

निशांत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. हो, मला भीती वाटत होती. अजूनही वाटते. बांधलेला हात दिसला, कुणाचाही, की माझं बोट त्याच्या नखाकडे जातं. बसस्टँडवर एका अनोळखी बाईच्या बाळाचं नख मी दाबलं होतं आणि तिने मला चांगलंच सुनावलं होतं.

केंद्र आता माझी विद्यार्थिनी चालवते, आणि नखाचा धडा अजून पहिला आहे. अव्वा गेल्या, त्यांचा अडकित्ता सुनंदा सुपारीला वापरते. लीला आता कॉलेजला जाते. तिच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत व्रण आहे आणि करंगळी बधिर आहे. वेणी ती स्वतःची स्वतः घालते, जरा वाकडी. डावा तळवा वर होतो, उलगडतो आणि पूजा संपेपर्यंत तसाच राहतो.